तंबूमागून गेलेला ढोल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यावर हे बेतलं त्या अल्सिडनेच मला सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

न्यू ऑर्लिन्सच्या संगीत महोत्सवातला शुक्रवार. एप्रिलचा शेवट.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

अल्सिड दुप्लेसी हे जॅझच्या ड्रमवादकांतलं मोठं नाव. देशोदेशी टाळ्या घेतलेला माणूस. पण त्या दिवशी तो सारखा कपाळ पुसत होता, कारण त्याची लेक नोएली पहिल्यांदाच त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणार होती.

"पापा, चुकले तर मी चुकेन. तुम्हाला कशाला घाम फुटलाय?"

"तू चुकलीस तर लोक मलाच नावं ठेवतील."

"आत्ताही ठेवतातच की," बास वाजवणारा म्हातारा सिप्रियन म्हणाला. "तुझ्यासारख्याला एवढी गुणी पोर झालीच कशी म्हणून."

तिघंही हसले आणि मंचावर गेले. तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती.

तिसरं गाणं उडत्या चालीचं. नोएली पुढे येऊन एकटी वाजवू लागली. लोक उठून नाचायला लागले.

आणि तेवढ्यात...

अल्सिडच्या समोरच्या ड्रमचा आवाज बसला.

तडतड वाजणारा ड्रम एकदम भद्द. खालच्या तारा सैल पडल्यासारखा. त्याने तारा ताणणारी बाजूची खिट्टी वर ओढली. आवाज परत आला. चार ठोके गेले, आणि...

पुन्हा भद्द.

खिट्टी खाली आलेली होती. तिला कोणाचाच हात लागला नव्हता.

अल्सिडच्या अंगावर काटा आला. त्या शहरात ड्रमच्या तारा मुद्दाम सैल करतात, त्या प्रेतयात्रेत.

मग तंबूच्या मागून...

धुम्.

मोठा ढोल. मध्ये बराच वेळ काही नाही. पुन्हा धुम्. दफनभूमीकडे निघालेला बँड पाय ओढत चालतो, ती चाल.

महोत्सवात मिरवणुका निघतातच, त्याने मनाची समजूत घातली. पण मिरवणूक म्हणजे माणसं आली, नाचणाऱ्यांच्या हातातल्या छत्र्या आल्या, गलका आला. इथे ढोलाखेरीज काही नव्हतं.

पावलांचा आवाजसुद्धा नाही.

सिप्रियनने मान वळवून मागच्या कनातीकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

"कोण गेलं रे?" त्याने नुसत्या ओठांनी विचारलं.

अल्सिडने नकारार्थी मान हलवली.

ढोल जवळ आला... आणि नोएलीचा सूर बदलला.

ती संथ झाली. एकेक सूर लांबवत, बरोबर ढोलाच्या ठोक्यावर. नजर कुठेतरी लांब. तिची पावलंही तशीच पडू लागली. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा.

मंचाच्या कडेच्या पायऱ्यांकडे.

अल्सिडचा बापही ढोलवाला. तो सांगायचा, यात्रा कोणाची ते ठाऊक नसेल तर तिच्या पावलात पाऊल टाकू नये. ज्याने टाकलं, तो घरी परतत नाही.

हाक तिच्यापर्यंत पोचली नसती. अल्सिडने डाव्या हाताने खिट्टी वर धरून ठेवली, आणि उरलेल्या एका हाताने अन् दोन्ही पायांनी तो तुटून पडला. त्या ढोलाच्या दोन ठोक्यांमधली सगळी जागा त्याने भरून काढली. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

"इकडे, पोरी. इकडे," तो पुटपुटत होता.

तिचा एक पाय पायरीवर अधांतरी थांबला.

बराच वेळ.

मग तिचा खांदा हलला. उडत्या चालीवर. ती वळली आणि पुन्हा गाण्यात शिरली.

ढोल तंबूमागून पुढे सरकला. लांब गेला. विरला.

लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. 'दुप्लेसी यांचं आजवरचं सर्वोत्तम वादन,' असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. अल्सिडने ते कात्रण ठेवलेलं नाही.

कार्यक्रमानंतर नोएली बर्फाचं लिंबूपाणी पीत बसली होती. त्याने विचारलं, "मध्येच शोकाची चाल का धरलीस?"

"तुम्हीच खूण केलीत ना."

"मी?"

"पायऱ्यांखाली उभे होतात. काळी टोपी, गळ्यात मोठा ढोल. मला हाताने बोलावत होतात." ती थांबली. "मग मागून तुमचे ड्रम ऐकू आले... पापा, तुम्ही इतक्यात वर कसे आलात?"

सिप्रियन तंबूच्या मागे जाऊन बघून आला. मागे सामानाचे ट्रक उभे होते, कनात आणि कुंपण दोन्हींना चिकटून. माणूस आडवा होऊनही गेला नसता, ढोल तर दूरच.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. अल्सिडने तडक नकार कळवला. नोएलीने होकार दिला.

"मला न विचारता?" तो चिडला.

"म्हणजे काय? काल तुम्हीच फोन केलात. म्हणालात, ये, या वेळी मध्येच परत फिरू नकोस."

अल्सिडने फोन केलेला नव्हता.

त्याने पोरीला परोपरीने समजावलं. ती ऐकत नाही. शेवटी तोही निघालाय. तिच्या मागे ड्रमवर आपलं माणूस हवं, म्हणतो.

महोत्सव पुढच्या आठवड्यात आहे. मलाही त्याने सोबतीला बोलावलंय...

मी अजून हो म्हटलेलं नाही.