कुंभारीण माशीची साक्ष

"त्या भिंतीपासून दहा हात दूर राह्यजो," असं आईने, ज्योत्स्नाताईंनी, बजावलं होतं. म्हणून धम्मदीपाने दहा हात मोजले, पायाने मातीत रेघ ओढली आणि तिथूनच चर्चवर डकवलेली नोटीस वाचली. अभियंत्यांनी मागच्या बुधवारी आतून-बाहेरून पाहणी केली, आतल्या भिंतीला मोठे तडे आहेत, इमारत धोकादायक आहे आणि सोमवारी पाडण्यात येईल.

"मंग काय, दुकानाचे गाळे निघतीन इथं," तिच्यासोबत आलेला राजू म्हणाला. "सरपंच कवाचे मांगं लागले हायेत."

"निघू दे ना. सावलीत कुल्फी भेटन," सेवालालने दात काढले.

धम्मदीपा हसली नाही. तिच्या पणजीला, लखमाला, जातीमुळे दुसऱ्या कुठल्या शाळेने पायरीलासुद्धा उभं केलं नव्हतं. या चर्चमधल्या शाळेने तिला आत बसवलं. त्यांच्या घराण्यातली पहिली सही इथल्या फरशीवर खडूने गिरवलेली होती.

"आतून पाह्यलं म्हणते," ती पुटपुटली. "पण साहेब आत गेला कसा?"

दार एकच, खिडक्या उंच आणि गजांच्या, अन् किल्ली विमलबाईंच्या कमरेला. तिघं त्यांच्याकडे पळाले. गावात उरलेलं ख्रिस्ती घर तेवढं एकच. विमलबाईंनी सांगितलं, किल्ली मागायला कोणी फिरकलंच नाही. शिवाय ईस्टरपासून ती कुलपात शिरतच नव्हती. म्हणून तर प्रार्थना पायऱ्यांवर झाली होती, आणि तिथेच बसून सरपंच भागवतरावांनी केकचे तीन तुकडे खाल्ले होते.

सेवालालच्या आईने त्याला दहा हातांचा नियम घातला नव्हता. तो दारापाशी गेला, एक डोळा मिटून किल्लीच्या भोकात डोकावला आणि म्हणाला, "माती हाय. कुंभारीण माशीनं घर केलं अंदर."

ओल्या मातीचे गोळे आणून माशीने भोक बुजवलं होतं. माती वाळून दगडासारखी झाली होती. राजू ती उकरायला निघाला, तर धम्मदीपाने त्याचा हात धरला.

"हात नको लावू. हीच आपली साक्षीदार हाय."

सोमवारी सरपंच आणि अभियंता जेसीबी घेऊन आले, तेव्हा धम्मदीपा रेघ ओलांडून थेट पायरीवर उभी होती. सरपंच बाजूला हो म्हणाले. ती हलली नाही. गर्दीतून ज्योत्स्नाताई धावत आल्या आणि तिचा दंड पकडून ओढू लागल्या.

"आई, एकच विचारू दे." धम्मदीपा अभियंत्याकडे वळली. "साहेब, आतला तडा केवढा आहे?"

"हात जाईल एवढा," तो घड्याळ बघत म्हणाला.

"तुम्ही पाह्यला?"

"स्वतः. दार उघडून."

"मंग आज उघडून दाखवा."

विमलबाईंनी किल्ली पुढे केली. अभियंत्याने ती टेकवली, दाबली, फिरवायला पाहिली. किल्ली आत जाईना. कोणीतरी खुदकन हसलं.

"ईस्टरलेही गेली नव्हती," धम्मदीपा म्हणाली. "सरपंचकाका इथंच केक खात होते. इचारा त्यायले."

भागवतराव दोन पावलं मागे सरकले. ज्योत्स्नाताईंची पकड सैल झाली. त्यांनी लेकीला ओढलं नाही. त्याच पायरीवर तिच्या शेजारी उभ्या राहून त्या जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "मशीन बंद कर. आधी दार उघडन."

राजूने खिळ्याने माती उकरली. आतून वाळक्या अळ्या पडल्या, माशीने पिलांसाठी साठवलेल्या. किल्ली फिरली. राजूचे आजोबा, माणिकराव मिस्त्री, हातोडी घेऊन आत गेले आणि भिंतीभर ठोकत फिरले. दगड खणखणीत वाजत होता. तडा होता तो फक्त बाहेर, तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्याला.

"चुन्याच्या भिंतीले सिमेंट नका लावू, असं मी तवाच सांगलं होतं," माणिकराव म्हणाले. "माहं बोलणं पटाले तीन वर्सं लागले. या पोरायनं चार दिवसात काम केलं."

जेसीबी धूळ उडवत मालेगावच्या रस्त्याला लागला. धम्मदीपा आत जायला निघाली, तेवढ्यात आईने तिला मागे सारलं.

"थांब. आधी मी."

ज्योत्स्नाताईंनी छत पाहिलं, चारी कोपरे पाहिले, भिंतीला तळहात लावून पाहिला. मग फरशीवर मांडी घालून बसल्या आणि शेजारची जागा पदराने पुसली.

"ये," त्या म्हणाल्या. "इथंच कुठं तरी बसत असन लखमाआजी."