तिसऱ्या फळ्यावरचा खडू

ही घटना खरी आहे. माझा दादा रेजिस फोवेल थापा मारणाऱ्यातला नव्हता. आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

१९५७ चा नोव्हेंबर. पॅरिसमधली ती तीनशे वर्षांची नामांकित शाळा. दादा तिथेच राहून मोठ्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गात शिकत होता.

वर्गात टिकला तर सक्तीच्या लष्करी नोकरीतून सवलत. नाव कमी झालं, की सरळ अल्जीरियाच्या लढाईवर.

दोन तोंडी परीक्षांत तो आपटला होता. मंगळवारची तिसरी. शेवटची.

आईने पत्रात एकच ओळ लिहिली होती, "काहीही कर, पण नाव टिकव रे."

सोमवारी, अकरा तारखेला, पटांगणात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांची नावं वाचायची होती. दरवर्षीची रीत. एकाने नाव वाचायचं, सगळ्या रांगांनी म्हणायचं, "देशाच्या कामी आला!"

यंदा वाचायचा मान दादाचा. जागरणाने डोळे नुसते जळत होते.

यादीत दोन मोबूर होते. सख्खे भाऊ. एमिल आणि ओक्ताव. एमिलचं नाव घेऊन झालं, खाली पुन्हा मोबूर दिसलं. हे तर आत्ताच वाचलं, असं वाटून दादा पुढे सरकला.

पण पुढच्या नावाला रांगांचं उत्तर थांबल्यावर... आणखी एक उत्तर आलं.

एकट्याचं.

"काय रे फोवेल," त्याचा मित्र एर्वे नंतर म्हणाला, "ओक्तावला गिळलंस की! एवढी भूक लागली होती?"

"गप रे. कोणाच्या लक्षात आलंय?"

"त्याच्या आलं असेल."

मंगळवार, संध्याकाळचे पाच. लहानशी खोली. तीन भिंतींना तीन फळे, तीन मुलं. पण आलेले दोघंच, दादा आणि एर्वे; तिसरा मुलगा तापाने पडलेला, म्हणून तिसरा फळा मोकळा. परीक्षा घेणाऱ्या देलप्युश सरांची त्या फळ्याकडे पाठ होती.

गणित पाहून दादा खडूचं टोक चावत उभा राहिला. पाच मिनिटं... दहा मिनिटं...

"फोवेल, खडू खायला दिलेला नाही," सर म्हणाले.

तेवढ्यात... टक्. टक्. टक्.

एर्वे तर हात खाली सोडून उभा होता.

दादाने तिसऱ्या फळ्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

पण अक्षरं उमटत होती. तिरकी, जुन्या वळणाची. दादाचंच गणित... शेवटच्या ओळीपर्यंत.

त्याला किंचाळावंसं वाटलं. मग आईची ती ओळ आठवली.

त्याने सगळं उतरवून घेतलं.

"वीसपैकी सोळा," सर म्हणाले. मग चष्मा काढला. "ही रीत कुठून काढलीस? पहिल्या युद्धाआधी शिकवायचे असं."

दादाने वळून पाहिलं. तिसरा फळा कोरडा, स्वच्छ.

नाव टिकलं.

बुधवारी सकाळी दादा नावं कोरलेल्या भिंतीसमोर एकटाच जाऊन उभा राहिला. "मोबूर, ओक्ताव," तो म्हणाला. उत्तरही त्यानेच दिलं. "देशाच्या कामी आला."

तो निघायला वळला.

मग रिकाम्या ओवरीतून कोणीतरी, यादी वाचावी तशा संथ सुरात म्हणालं,

"फोवेल, रेजिस."

उत्तर यायच्या आत दादा जीव खाऊन पळाला.

नाताळात घरी आला तेव्हा माझा हात घट्ट धरून विचारत होता, "सोलांज, मी उत्तर ऐकलंच नाही. म्हणजे ते झालं नाही ना गं?"

"नाही झालं, दादा." चौदा वर्षांची होते मी. दुसरं काय सांगणार?

मोठ्या परीक्षेत दादा काही पास झाला नाही. सवलत संपली. १९६० मध्ये त्याच भिंतीवर, खाली, दादाचं नाव कोरलं.

आज मी ब्याऐंशी वर्षांची आहे. दर अकरा नोव्हेंबरला तिथे जाते. मुलं दादाचं नाव वाचतात. रांगा श्वास घेतात... आणि त्यांच्या क्षणभर आधी, माझ्या मागून, एक आवाज उत्तर देतो.

दादाचा नाही. दादाचा आवाज मी ओळखते.

यंदा ठरवून गेले होते, त्याच्या आधी मी ओरडायचं... "नाही!"

नाव आलं. मी तोंड उघडलं...

तो आधीच बोलून गेला होता.