पिल्लं उडाली की येते

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मोठी मावशी, आणि जिनं यातलं अर्धं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ती माझी आई. मावशीला थापा मारता येत नाहीत आणि आईला थापा पचत नाहीत. आई पाल दिसली की पलंगावर चढते, पण भुताचं नाव काढलं की हसते.

हसायची.

घडलं तेही काही काळ्याकुट्ट रात्री नाही. उजाडता उजाडता, एका तळ्याच्या काठी. पाण्यावर धुकं होतं, आणि मावशी कापडी तंबूत एकटीच बसली होती...

पण आधी काकांचं सांगायला हवं. मावशीचे यजमान.

दोघांचं चष्म्याचं दुकान होतं. काका काचा घासायचे, मावशी गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची. मूलबाळ नव्हतं. मावशीला नाद एकच, पक्ष्यांचे फोटो काढायचा. ना बक्षिसासाठी, ना प्रदर्शनासाठी. ते दुकानाच्या भिंतीवर लागायचे. नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला काका त्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "पिसं वेगवेगळी दिसताहेत ना? मग नंबर बरोबर."

पक्षी जवळून टिपायचा तर लपण लागतं. लपण म्हणजे छोटासा तंबू. आत एक स्टूल, समोर लेन्सपुरतं भोक. पण पक्षी काही भोळे नसतात. माणूस आत शिरताना दिसला, की तो बाहेर पडेपर्यंत घरट्याकडे फिरकत नाहीत.

त्यावर फोटोवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. कुणीतरी गेलं, एवढंच त्याला दिसतं. त्याच्या लेखी तंबू रिकामा.

निघून जाणारे असायचे काका. छत्री टेकवत, खाकरत, पक्ष्याला नीट दिसेल अशा बेतानं बांधावरून चालत जायचे. मावशीचं काम झालं की परत यायचे. छत्रीच्या मुठीनं तंबूच्या पाइपवर टक टक करायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "चल गं."

तोवर मावशीनं बाहेर यायचं नाही.

कारण रिकाम्या तंबूतून माणूस निघालेला पक्ष्यानं पाहिला, तर त्याचा विश्वास कायमचा उडतो. फार पूर्वी एकदा पाय आखडले म्हणून मावशी मध्येच बाहेर आली होती. त्या जोडीनं घरटं टाकलं ते टाकलंच. आतली अंडी गार पडली. मावशी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. आत असताना मोबाइलसुद्धा बंद.

काका न्यायला आल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत काका तिला सोडून बांधावरून निघाले, आणि त्यांच्या छातीत कळ आली. रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारच्या आत सगळं आटोपलं. शुद्धीवर होते तोवर नर्सला एकच सांगत होते, "तिला न्यायला जायचंय... तिला न्यायला जायचंय..."

कुणाला, कुठून, ते सांगायचं राहून गेलं.

मावशी लपणात बसून होती. ऊन चढलं, ऊन उतरलं. थर्मासमधला चहा संपला. मनातल्या मनात ती काकांवर धुमसत होती, पण बाहेर आली नाही. तिन्हीसांजेला पावलं वाजली, तंबूची चेन सरकली, आणि ती कडाडली, "अहो, किती हा उशीर!"

समोर माझी आई उभी होती.

त्यानंतर वर्षभर मावशीनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुकान उघडायची, बंद करायची. शेवटी आईच हात धुऊन मागे लागली. "पुरे झालं घरात कुढणं. मी येते तुझ्याबरोबर. भाऊजी जात होते तशी जाईन चालत. मला काय पाय नाहीत?"

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला मातीचा कडा आहे. त्यात खंड्या पक्ष्यानं बीळ केलं होतं. मावशीनं बिळासमोर उथळ पाण्यात एक फांदी रोवली होती. खंड्या चोचीत मासा घेऊन आधी त्या फांदीवर बसायचा, चारी दिशांना बघायचा, आणि मगच बिळात शिरायचा. आतून पिल्लांची किरकिर ऐकू यायची.

आईला कावळा आणि घार यांतला फरक सांगता येत नाही, पण चालण्याचं काम तिनं मन लावून केलं. इतकं, की पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली, "अगं, किती पाय आपटतेस? खंड्याला सोड, तळ्यातल्या माशांनाही कळलं तू गेलीस ते."

कितीतरी दिवसांनी मावशी हसली होती. आईला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पुढचे काही दिवस बरे गेले.

मग ती धुक्याची सकाळ.

आई तिला सोडून गेली. पावलं लांब गेली, विरली. खंड्या आला, फांदीवर बसला. मावशी लेन्सला डोळा लावून बसली. उजेड अजून कोवळा होता.

तेवढ्यात मागून पावलं वाजली...

मावशीला वाटलं, आई काहीतरी विसरली. पण आई पाय आपटत चालते. ही पावलं सावकाश येत होती. आणि प्रत्येक पावलाबरोबर ओल्या मातीत काहीतरी रुतत होतं.

छत्री टेकवत यावं तसं.

पावलं तंबूपाशी येऊन थांबली.

टक... टक.

पाइपवर.

मग ते खाकरणं. मावशीनं ते इतकी वर्षं ऐकलं होतं, की झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

"चल गं."

मावशी मला म्हणाली, "भीती नाही गं वाटली. खरं सांगते, बरं वाटलं. आले एकदाचे, असंच वाटलं."

ती उठलीसुद्धा. हात चेनवर गेला. इतक्या वर्षांची सवय. निघण्याआधी ती नेहमी एकदा लेन्समधून बघायची, पक्षी उडाला ना म्हणून. काका यायचे तेव्हा ते अजून बांधावर असतानाच खंड्या चिरचिरत पळायचा.

तिनं बघितलं...

खंड्या फांदीवर बसलेला होता.

चोचीत मासा. मान वळवून तो सरळ तंबूकडे बघत होता. जिथून आवाज आला होता, नेमका तिथेच बघत होता. आणि त्याला तिथे काहीच दिसत नव्हतं.

तो फांदीवरून उठला, तंबूच्या अगदी समोरून गेला आणि निवांतपणे बिळात शिरला.

मावशीचा हात चेनवरच थांबला. आता मात्र तिला थंडी वाजायला लागली.

टक... टक.

"चल गं. उशीर झाला."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहेर तिचा माणूस उभा होता. चेन ओढायचाच काय तो अवकाश होता. जावं असंही वाटत होतं आणि जाऊ नये असंही. बिळातून पिल्लं किरकिरत होती. ती एकदम बोलून गेली,

"अहो, पिल्लं आत आहेत अजून. पिल्लं उडाली की येते."

धुक्यात पाणीसुद्धा हलत नव्हतं...

"बरं," काका म्हणाले.

आणि पावलं सावकाश निघून गेली.

नंतर आई न्यायला आली, तेव्हा ती लांब बांधावर दिसली न दिसली तोच खंड्या ओरडत तळ्यावरून पसार झाला. तंबूच्या मागे चिखल होता. त्यात पावलं फक्त आईची आणि मावशीची. छत्री टेकल्याची एकही खूण नव्हती.

मावशीनं सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "अगं, असं कुणाला काहीतरी कबूल करून बसतात का! डुलकी लागली असेल तुला. उद्यापासून तळं बंद."

"आणि पिल्लं?"

"पिल्लं काय तुझ्या फोटोवाचून अडून बसलीत?"

पण मावशी ऐकेना. मी गेले नाही तर ते घरी येतील, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा तिच्याबरोबर जाऊ लागली.

पिल्लं उडायच्या बेतात आली. बिळाच्या तोंडाशी चोची दिसायला लागल्या. त्या सकाळी तंबूत शिरल्यावर आई म्हणाली, "आज मी जाणारच नाही. बसते इथंच तुझ्या बोकांडी."

"अगं, तू गेली नाहीस तर खंड्या येणार नाही."

"नको येऊ दे. तेच तर हवंय."

आईचा हिशेब सरळ होता. दोघी आत बसणार. बाहेर कुणी गेलंच नाही, तर पक्षी फिरकणार नाही. पिल्लं आतच राहतील. आजचा दिवस टळेल.

दोघी एकमेकींना खेटून बसल्या. आईनं कापडाच्या फटीला डोळा लावला.

तळं शांत होतं...

आणि खंड्या आला.

लगेच आला. फांदीवर बसला. इकडेतिकडे बघितलं, आणि तंबू रिकामा असल्यासारखा मजेत पिसं फुलवून बसला.

आई फटीपासून झटकन मागे सरली. कारण खंड्या तेव्हाच येतो, जेव्हा त्यानं लपणातून कुणाला तरी निघून जाताना पाहिलेलं असतं.

आज त्यानं कुणाला जाताना पाहिलं होतं?

खंड्यानं या वेळी मासा बिळात नेला नाही. चोचीत धरून बसला आणि बोलावू लागला. एक पिल्लू बाहेर पडलं, धडपडत फांदीवर आलं. मग दुसरं. मावशीनं एकही फोटो काढला नाही. तिनं कॅमेरा कधीच मांडीवर ठेवला होता. शेवटचं पिल्लू कितीतरी वेळ बिळाच्या तोंडाशी बसून राहिलं. आई मनातल्या मनात त्याला म्हणत होती, बस रे बाबा, बस तिथंच.

ते उडालं.

मावशीनं मान तिरकी केली. काहीतरी ऐकत असावी तशी. आईला काहीच ऐकू येत नव्हतं. पावलं नाहीत, खाकरणं नाही.

फक्त तंबूचा पाइप हलला...

दोनदा.

"ते आले गं," मावशी म्हणाली आणि चेनकडे हात नेला.

आईनं तो हात दोन्ही हातांनी पकडला. कुणी मेलेल्या माणसाशी बोललं तर आई त्याला वेड्यात काढायची. तीच आई कापडाकडे तोंड करून मोठ्यानं बोलली,

"भाऊजी, ती आत्ता नाही येणार! तिनं दुसरं घरटं बघितलंय. तिथली पिल्लं अजून लहान आहेत."



पाइप पुन्हा हलला नाही. मावशीनं डोळे पुसले. "बरं म्हणाले," ती हळूच म्हणाली.

आईनं थाप मारली होती. दुसरं घरटं नव्हतंच.

त्या दिवसापासून आई तळ्याकाठी मावशीची दुर्बीण गळ्यात अडकवून फिरते. चिखल तुडवते, कडे बघते, बिळात वाकून बघते. जिला कावळा ओळखता येत नव्हता, ती आता पिल्लांच्या आवाजावरून सांगते की उडायला अजून अवकाश आहे. एक घरटं रिकामं व्हायच्या आत तिला दुसरं सापडलं. मग आणखी एक. दर वेळी शेवटचं पिल्लू उडालं, की पाइप हलतो. दर वेळी आई कापडाशी बोलते. दर वेळी "बरं" येतं, ते फक्त मावशीलाच ऐकू जातं.

पण आता हंगाम संपत आला आहे. तळ्यावर एकच बीळ उरलंय.

मी आईला म्हटलं, मावशीला माझ्याकडे पाठव, लांब, तळ्यापासून दूर. आई म्हणाली, "मी काय तिला बांधून पाठवू? तीच तयार नाही."

काल फोन केला तेव्हा मावशीनंच उचलला. आवाज छान होता. इतका छान वर्षभरात ऐकला नव्हता. कॅमेरा पुसून पेटीत ठेवला म्हणाली. लेन्ससुद्धा. मी विचारलं, "का गं? बिळात पिल्लं आहेत ना अजून?"

"आहेत. पण फोटो खूप झाले."

मग थोडं थांबून म्हणाली, "त्यांना जन्मात एकदाच उशीर झाला गं. आणि मी त्यांना किती वेळा ताटकळत उभं करायचं? बरं दिसत नाही ते."

  आईनं फोन मावशीच्या हातातून काढून घेतला. तिला धाप लागलेली होती. नुकतीच तळ्यावरून आली होती.

"आत आहेत अजून," आई म्हणाली. "पण चोची दिसायला लागल्यात."