शेगडीची झडप

“माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं मला शोधून द्या,” खुर्चीत टेकायच्या आधीच म्हातारीनं सांगून टाकलं.

दादांनी मान वर केली. त्यांचा उभा जन्म बस चालवण्यात गेला होता, आणि निवृत्तीनंतर ते धाकट्या बहिणीची गाडी चालवत होते. बहीण खासगी गुप्तहेर होती. एकदा काही पकडलं की सोडायची नाही, म्हणून गाव तिला चिमटाबाई म्हणायचं. तिच्याकडे हरवलेल्या वस्तू शोधायला लोक येत, पळालेले नवरे शोधायलाही येत. स्वतःचं डोकं शोधायला आलेलं गिऱ्हाईक दादा पहिल्यांदाच पाहत होते.

म्हातारीला ते ओळखत होते. कोपऱ्यावरची बेकरी तिनं हयातभर चालवली होती. सगळं गाव तिला काकू म्हणे.

“गेल्या आठवड्यात जेवणानंतर शेगडीजवळच्या खुर्चीत डोळा लागला,” काकू म्हणाल्या. “जाग आली ती इस्पितळात. पुतण्यानं मला बाहेर काढलं म्हणून वाचले. शेगडीच्या नळीतली झडप बंद होती म्हणे. सगळे म्हणतात, काकूनंच ती बंद केली आणि विसरली.”

“झडप म्हणजे?” दादांनी विचारलं.

“धूर वर जातो त्या नळीत एक पत्र्याची चकती असते. बाहेर तिची मूठ. मूठ नळीला समांतर असली की वाट मोकळी, आडवी केली की बंद. विस्तव असताना ती बंद करायची नसते. राख गार झाल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही, हे कामावर आलेल्या प्रत्येक पोरीला मी पहिल्या दिवशी सांगितलं.” त्यांचा आवाज खाली आला. “पण बाई, खोटं कशाला बोलू? झोपले ते आठवतं. मधेच उठले असेन आणि आठवत नसेल, तर? माझं वयच तसं आहे.”

“मग घाई कसली?” चिमटाबाईंनी विचारलं.

“उद्या शेगडी उखडायला माणूस येतोय. मग लेक मला तिच्याकडे नेणार. मला एकटं ठेवायची तिची हिंमत नाही. आणि आज संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पुतण्याचा सत्कार आहे. तिथं मला पहिल्या रांगेत बसायचंय, विसरभोळी म्हातारी म्हणून.”

चिमटाबाईंनी चप्पल पायात सरकवली. “दादा, गाडी काढ.”

काकूंच्या लेकीनं दार उघडलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात अर्धवट बांधलेलं बोचकं. आईनं गुप्तहेर आणलेली पाहून तिच्या कपाळावर आठी पडली, पण ती बाजूला झाली.

“खोलीत काही हलवलंय?” चिमटाबाईंनी विचारलं.

“काही नाही. त्या दिवसापासून मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावला, तोही बाहेरून.”

खोली लहान, नीटनेटकी. कोपऱ्यात काळी लोखंडी शेगडी, तिच्या दाराला काच. शेजारी आरामखुर्ची. खिडकीला पांढरे पडदे, टेबलावर क्रोशाचं पांढरं शुभ्र कापड. खिडकीखाली काचेचे तुकडे पडलेले.

चिमटाबाई शेगडीसमोर उकिडव्या बसल्या. दाराची काच आरपार स्वच्छ होती. आत भुरभुरीत, पांढरट राख. कोळशाचा एक तुकडा शिल्लक नव्हता. त्यांनी नळीच्या तळाचं झाकण काढलं आणि पिशवीतला छोटा आरसा आत धरून वर पाहिलं. वर आभाळाचा गोल तुकडा स्वच्छ दिसत होता.

“धुराडं मोकळं आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडदा नाकाशी धरला, टेबलावरचं कापडही हुंगलं, आणि ते कापड घडी करून पिशवीत टाकलं.

दादांना वाटलं, कापडाचा नमुना आवडला असेल.

“त्या दिवशी तुम्ही इथं होता?” चिमटाबाईंनी लेकीला विचारलं.

“दुपारी जेवायला होते. आई जेवली आणि लगेच पेंगली. मी तिच्यावर शाल घातली, पाय स्टुलावर ठेवून शाल पायांखाली खोचली. शेगडीत एक मोठं लाकूड घातलं. झडप उघडी होती, मी बघितली. लाकडानं छान पेट घेतला, मग मी कामावर गेले.” तिनं ओठ चावला. “नंतर उठली असेल आई. ऊब टिकावी म्हणून बंद केली असेल.”

“पुढच्या दाराला कुलूप लावलं होतं?”

“दिवसा या दाराला कधीच कुलूप नसतं.”

भिंतीवर एक पांढरी डबी होती. चिमटाबाईंनी तिचं बटण दाबलं. डबी एवढ्या जोरात किंचाळली की दादांच्या हातातली टोपी पडली.

“विषारी वायूची सूचना देणारी डबी,” लेक म्हणाली. “सगळ्या गल्लीत दलानं बसवल्यात. आमची नेमकी त्या दिवशी इथं नव्हती. सेल बदलायला माझ्या चुलतभावानं नेली होती. त्यानंच आईला वाचवलं. दुसऱ्या दिवशी परत लावून गेला.”

मागच्या अंगणात लाकूडवाला रचलेली लाकडं हातगाडीवर परत भरत होता. शेगडीच जाणार म्हटल्यावर लाकडं कुणाला हवीत? चिमटाबाईंनी दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज झाला.

“माझा माल ओला नसतो,” लाकूडवाला गुरकावला. “दोन उन्हाळे वाळवलेला आहे. गावात म्हणतात, काकूकडे ओल्या लाकडानं धूर झाला. माझ्या पोटावर पाय.”

“तुम्ही तो प्रसंग पाहिला?”

“पलीकडच्या घरी लाकडं उतरवत होतो. पुतण्या धावत आला, काठीनं खिडकी फोडली, आणि तोंड वळवून थोडा वेळ बाजूला उभा राहिला. मग दार लोटून आत गेला आणि काकूंना उचलून आणलं. धाडसी पोरगा आहे.”

“फुटलेल्या खिडकीतून धूर बाहेर आला?”

लाकूडवाल्यानं डोकं खाजवलं. “मला नाही दिसला. पण मी लांब होतो.”

गाडीत बसल्यावर दादांनी मनातलं बोलून टाकलं. “मला ती लेक खटकते. आईला घेऊन जायची तिलाच घाई. शिवाय शेवटची तीच तिथं होती.”

“होती ना. म्हणूनच ती मला आवडली,” चिमटाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. बहीण असं बोलली की पुढे विचारण्यात अर्थ नसतो, हे दादांना लहानपणापासून माहीत होतं.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पुतण्या लाल गाडीचं पितळ घासत होता. उंचापुरा, हसरा. त्यानं दोघांना स्टुलं दिली आणि न विचारता सगळं सांगितलं.

“रस्त्यानं चाललो होतो, तर काकूच्या खिडकीत धूर. शिकवल्याप्रमाणे आधी काच फोडली, हवा खेळू दिली. आत शिरलो तर काळाकुट्ट धूर, स्वतःचा हात दिसेना. चाचपडत गेलो. आधी झडप उघडली, ती आडवी होती. काकू खुर्चीत. पायाखाली शाल खोचलेली, तशीच गाठोड्यासारखी उचलली.”

“डबी नव्हती म्हणे?”

“माझंच नशीब फुटकं. त्या दिवशीच सेल बदलायला आणली होती.” त्यानं मान हलवली. “काकूला काही म्हणू नका हं. म्हातारं माणूस, विसरायचंच.”

दादांना तो पोरगा मनापासून आवडला. बाहेर पडताना दलाचे वयस्कर प्रमुख भेटले.

“आज माझ्या जागी नवा प्रमुख जाहीर करतोय,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तर याला मी मागे एकदा नाही म्हटलं होतं. टाळ्यांची भूक फार. पण आता सगळं गावच त्याचं नाव घेतंय. मी कोण अडवणार?”

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. काकू पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून. शेजारी लेक. प्रमुखांनी पदक हातात घेतलं आणि पुतण्याला म्हणाले, “आधी काय घडलं ते तुझ्या तोंडून ऐकू दे लोकांना.”

पुतण्यानं सांगितलं. या खेपेला धूर आणखी दाट झाला होता. टाळ्या पडल्या.

चिमटाबाई उठल्या. “पदक देण्याआधी मला प्रमुखांना एक वस्तू दाखवायची आहे.” त्यांनी पिशवीतून क्रोशाचं कापड काढून प्रमुखांच्या हातात दिलं. “शेगडीजवळच्या टेबलावरचं आहे. त्या दिवसापासून कुणी त्याला हात लावलेला नाही. वास घ्या.”

प्रमुखांनी कापड नाकाशी नेलं, उलटंपालटं केलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या. “काजळीचा कण नाही. वासही नाही. काळाकुट्ट धूर कोंडलेल्या खोलीतलं कापड असं राहूच शकत नाही.”

मागच्या रांगांतली माणसं पुढे वाकली.

“त्या खोलीत धूर नव्हताच,” चिमटाबाई म्हणाल्या. “आता मी सांगते तसं बघा. जेवणानंतर लेकीनं मोठं लाकूड घातलं. तेव्हाच झडप बंद झाली असती, तर लाकूड धुमसलं असतं, शेगडीची काच काळी झाली असती, अर्धवट जळके कोळसे उरले असते. पण काच स्वच्छ आहे आणि राख पांढरी. म्हणजे लाकूड मोकळ्या हवेत शेवटपर्यंत धडधडून जळलं, आणि झडप बंद झाली ती निखारे उरल्यावर. लेक तोवर केव्हाच कामावर गेली होती.”

“तेव्हाच तर काकू उठली असणार,” पुतण्या म्हणाला.

“काकू उठल्या नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलंत. लेकीनं शाल पायांखाली खोचली होती. तुम्ही उचललंत तेव्हाही ती खोचलेलीच होती. झोपेतून उठून, झडप बंद करून परत बसलेली एकटी बाई स्वतःचे पाय असे बांधून घेईल?”

काकूंनी मांडीवरचे हात सोडले. लेकीनं तोंडावर हात ठेवला.

“म्हणजे कुणीतरी तिसरं आत आलं. दार उघडंच होतं,” चिमटाबाई पुढे म्हणाल्या. “प्रमुख, निखाऱ्यांवर झडप बंद केली तर काय होतं?”

“धूर नाही, वास नाही, पण खोलीत वायू भरतो,” प्रमुख सावकाश म्हणाले. “झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आम्ही पहिल्या वर्गात हेच शिकवतो.”

“बाहेरून दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मग रस्त्यानं चाललेल्या माणसाला कळलं कसं? उघडं दार सोडून त्यानं आधी काच फोडली, आणि तोंड वळवून बाजूला उभा राहिला. लाकूडवाल्यानं ते पाहिलंय. आत काय भरलंय हे त्याला आधीच माहीत होतं. आणि ज्या डबीनं ओरडून सांगितलं असतं, ती नेमकी त्याच दिवशी त्याच्याच खिशात होती. सुटका खरी होती. पण नुसती खिडकी फोडून वीर होता येत नाही, म्हणून धूर पदरचा घातला. तो घातला नसता, तर कदाचित मी गप्प बसले असते.”

सगळ्यांची नजर पुतण्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं.

“मी कोपऱ्यावरच उभा होतो,” तो शेवटी म्हणाला. “मी तिला काही होऊ दिलं नसतं. नुसतं चक्कर येण्याइतकं… काकू, तुला माहीत आहे, मी तुला काही होऊ दिलं नसतं.”

काकू उठल्या. त्यांच्या आवाजात राग कमी आणि धार जास्त होती.

“वायू मोजून घातला होतास का रे? मी मेले असते तर ते एक. पण जिवंत ठेवून तू मला माझ्यावरच शंका घ्यायला लावलीस. आठवडाभर मी रात्री उठून उठून दारं तपासतेय. लेकराला आपली आई खुळावली म्हणून रडावं लागलं. तुला मी मांडीवर खेळवलंय, म्हणून तक्रार करणार नाही असं समजू नकोस. उद्या सकाळी पोलिसांत जाणार आहे, माझ्या पायांनी.”

प्रमुखांनी पदक डबीत बंद केलं. मग पुतण्याच्या छातीवरचा दलाचा बिल्ला स्वतःच्या हातानं काढला.

“नवा प्रमुख आज जाहीर होणार नाही,” ते लोकांना म्हणाले. “आणि काकू, गावात घरोघरी शेगड्या आहेत. लाकूड कसं वाळवावं, झडप कधी हलवावी, धुराडं कधी साफ करावं, हे आमच्या पोरांना आणि गावाला तुम्ही शिकवाल का? विनंती आहे.”

“शिकवीन,” काकू म्हणाल्या. “पण उशिरा येणाऱ्याला मी आत घेत नाही.”

आता पडलेल्या टाळ्या आधीच्यांसारख्या नव्हत्या. लाकूडवाला तर खुर्चीवर उभा राहिला होता.

लेक आईजवळ आली. “त्या माणसाला उद्या येऊ नको म्हणून सांगते,” एवढंच म्हणाली.

“सांग. आणि बोचकं सोड. माझी धुतलेली पातळं सगळी त्यात कोंबली आहेस.”

लेक रडता रडता हसली.

बाहेर दादांनी लगबगीनं गाडीचं दार उघडून धरलं. काकूंनी गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली.

“चालत जाणार मी. बाजारातून.”

लेकीच्या हातात हात घालून त्या रस्त्याच्या मधोमध निघाल्या. बातमी त्यांच्या पुढे पळाली होती. दुकानदार गिऱ्हाइकं सोडून पायरीवर आले. न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या गालाला साबण असताना उठून उभा राहिला. काकू प्रत्येकाला नावानिशी हाक मारत होत्या, कुणाचं बाळंतपण विचारत होत्या, कुणाच्या बापाचं गुडघेदुखीचं औषध. एकही नाव चुकलं नाही.

मागून दादा पहिल्या गियरमध्ये गाडी हाकत होते. मागे रांग लागली होती, पण हॉर्न कुणी वाजवला नाही.

“घाई आहे का तुला?” त्यांनी बहिणीला विचारलं.

“मुळीच नाही,” चिमटाबाई म्हणाल्या आणि काच पूर्ण खाली केली.