कंट्रोलची डिश

प्रयोगशाळेत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. टेबलावरची पेनंसुद्धा ती एका रेषेत लावायची, आणि एखादी बाटली तिरकी दिसली की तिला चैन पडायचं नाही. त्यामुळे डिशमधलं धुकं एका कडेला सरकलंय, हे आधी तिच्याच नजरेत भरलं यात नवल नव्हतं.

काम असं होतं. पोटात बाळ वाढत असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकतात. गर्भ पडला तरी त्या जात नाहीत. पुढच्या बाळाला त्या तारतात की मारतात, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून गर्भपात झालेल्या बायकांच्या रक्तातून त्या वेचायच्या आणि काचेच्या चपट्या डिशमध्ये वाढवायच्या. वाढल्या की तळाशी पुसट धुकं धरायचं, उजेडासमोर नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकं. शेजारी ताडून पाहायला एक डिश कंट्रोलची, म्हणजे कधीच दिवस न राहिलेल्या बाईच्या रक्ताची. ती रिकामीच राहायला हवी. कंट्रोलचं रक्त प्रयोगशाळेतल्याच कुणीतरी द्यायची रीत होती. या खेपेला फूटपट्टीने बाही वर केली होती.

सरकलेलं धुकं एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या डिशमधलं होतं. तिला चारदा दिवस राहिले होते आणि मूल एकही हाती लागलं नव्हतं.

"टेबल कललंय," शेजारचा सहकारी म्हणाला. त्याला सगळे शंकासुर म्हणत. समोरचा चहा चहाच आहे ना, हेही तो तपासून घ्यायचा. त्याने कुठूनशी सुताराची लेव्हल पैदा करून टेबलावर ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध उभा राहिला; टेबल सपाट होतं.

फूटपट्टीने डिश अर्धी फिरवली. जेवून येईपर्यंत धुकं पुन्हा त्याच भिंतीकडच्या कडेला. भिंतीपलीकडे बसायची खोली होती, आणि तिथल्या बाकावर ती बाई रक्त द्यायला येऊन बसली होती, कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत.

"बरं वाटतंय ना आज?" फूटपट्टीने विचारलं.

"इथं आलं की बरं वाटतं बघा. का ते नाही सांगता यायचं. घरी हात रिकामे वाटतात."

ती निघून गेली, आणि थोड्या वेळाने धुकं डिशभर सारखं पसरलं.

"योगायोग," शंकासुर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

मग दोघं लक्षच ठेवू लागले. ज्या दिवशी जी बाई यायची, त्या दिवशी तिच्याच डिशमधलं धुकं त्या भिंतीकडे सरकायचं. बाकीच्या ढिम्म. फूटपट्टीला भीती अशी वाटली नाही. कुणी झोपलेल्याच्या खोलीत आपण बोलतो तसा तिचा आवाज आपोआप खाली आला, आणि शंकासुरही दार हळू लावायला लागला.

आणि एका सकाळी कंट्रोलच्या डिशमध्ये धुकं दिसलं.

ते फूटपट्टीच्या खुर्चीच्या बाजूला होतं. तिने खुर्ची खिडकीशी नेली. दुपारपर्यंत धुकं खिडकीकडे आलं.

प्रमुख मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "कंट्रोल नासलाय. संध्याकाळी वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करा, उद्या दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊ." त्यांचंही चूक नव्हतं.

मागे एकदा नवरा कामासाठी परगावी गेल्यावर फूटपट्टीला दिवस राहिल्याचं कळलं होतं. आला की समोरासमोर सांगू, त्याचा चेहरा बघू, म्हणून तिने फोनवर अवाक्षर काढलं नाही. तो यायच्या आतच गर्भ पडला, सगळं आटोपलं. पोट बिघडलंय म्हणून तिने एक दिवस रजा घेतली, आणि ज्याची कुणाला खबरच नाही ते हिशेबात धरायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. इतकं पक्कं, की कंट्रोलसाठी विचारलं तेव्हा ती सहज 'कधीच नाही' म्हणून गेली होती. खोटं बोलतोय असंही तिला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी निघताना शंकासुराने आपली पिशवी उचलली. "तुझी डिश राहिली गं."

"टाकते."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी काहीच न विचारता गेला.

डिश घेऊन ती वाफेच्या यंत्रापाशी गेली. हात बदलला तरी धुकं तिच्या अंगाकडच्याच कडेला. झाकण उघडलं तशी ऊन वाफ तोंडावर आली, आणि तिला रडू फुटलं. तिच्याने ते होईना. झाकण लावून ती परत आली, डिश टेबलावर ठेवली आणि खिडकीशी बसली.

नवरा तिला न्यायला येणार होता. यायला अवकाश होता अजून.

धुकं हललं. या वेळी तिच्या डोळ्यांदेखत.

ते तिच्यापासून सुटून दाराकडे निघालं.

दारात कुणी नव्हतं. बाहेरचा बोळ रिकामा होता.

मग लिफ्ट उघडल्याचा आवाज आला, आणि ओळखीची पावलं.

"झालं का तुझं?" नवरा म्हणाला. तिचे डोळे पाहून थबकला. "अगं, काय झालं?"

"तिथेच थांब. टेबलाच्या पलीकडे."

तो थांबला. डिशमध्ये धुक्याची एक रेघ झाली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे.

तो वाकून बघू लागला. "काय आहे हे?"

तिने सांगितलं. सगळं, त्या रजेच्या दिवसासकट.

तिचं सांगून झालं, तसा तो नकळत एक पाऊल मागे सरला.

रेघ तेवढी बारीक झाली. तुटली नाही.