रविवारचे निळे चौकोन

"मॅडम, तुमच्या त्या गाठोड्यात काहीतरी घरंगळून राह्यलं."

वर्षालीनं मान वळवली. पुलगावहून वर्ध्याला निघालेली एसटी गच्च भरलेली, आणि तिच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला बाबांचा कॉम्प्युटर. बाजूला दांडीला लटकलेला उंच, सावळा पोरगा त्या गाठोड्याकडे असा कान लावून उभा होता, जसा काही तो डॉक्टरच!

"तुमाले काय करायचं?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. "असन एखादा स्क्रू."

"एखादा नाई, दोन हायेत. ऐका ना..."

बस खड्ड्यात आदळली. गाठोडं घसरणार, तेवढ्यात त्यानं तळहात लावून धरलं... आणि पुढचे सगळे खड्डे संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. वर्षालीला तो काढ म्हणायचं होतं. का कोण जाणे, म्हणाली नाही.

"कॉम्प्युटर दिसते. उघडला कोनं?"

"बाबांनी. धूळ पुसायले. लय जपतात ते. दर रविवारी डिफ्रॅग करतात, म्हाइत हाये?" हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली.

तो गालातल्या गालात हसला.

"हसले काऊन?"

"नाई... तुमच्या केसाले कापूस लागला."

बाजूनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, खिडकीतून पुंजके उडत आत येत होते. तिनं केस झटकले. कापूस खरंच होता. तरी तो हसला कापसाला नव्हताच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्ध्याला उतरून पत्ता विचारत विचारत ती रिपेरिंगच्या दुकानात शिरली, तर काउंटरमागे कोण? तोच! वर्षालीच्या हातून गाठोडं सुटता सुटता राहिलं.

"या," तो म्हणाला, "दोन स्क्रूवाल्या मॅडम."

त्याचं नाव रजत. कॉम्प्युटर फार रेंगाळतो म्हणून त्यानं जुनी डिस्क काढून नवी बसवली, आणि मग इतक्या शांतपणे बोलला की ऐकणाऱ्याला वाटावं हवापाण्याच्या गप्पा चालल्यात.

"आता याले डिफ्रॅग करायचं नाई बरं का. कधीच नाई."

"कायऽऽ?"

"जुन्या डिस्कमधे चकती फिरते अन वरून सुई पळते. एक फाइल दहा ठिकानी विखुरली की सुई दहा जागी धावन, कॉम्प्युटर रेंगाळन. म्हनून तुकडे एकाजागी आनायचे, त्यालेच डिफ्रॅग म्हनतात. नव्या डिस्कमधे सुईच नाई. तुकडे कुठंही असो, तिले फरक पडत नाई. उलट फुकटची उचल-ठेव करून ती झिजते."

वर्षाली खुर्चीवर टेकली. हे बाबांना सांगायचं? रूपराव म्हणजे दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले स्टोअरकीपर. जन्मभर प्रत्येक वस्तू जिची तिच्या जागी. दर रविवारी विहारातून आले की पुलगावजवळच्या नाचणगावातल्या घरात चहाचा कप घेऊन ते स्क्रीनसमोर बसत. निळे, लाल, पांढरे चौकोन हळूहळू रांगेत लागत, आणि बाबांचा चेहरा उजळत जाई. तेवढा वेळ घरात कोणी मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही!

"मी नाई सांगत," ती म्हणाली. "तेवढा एकच तर शौक हाये त्याहिले. तुमीच करा ना काहीतरी... डिस्क बी वाचन, अन बाबा बी."

रजतनं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"करतो काहीतरी."

तो घरी येऊन कॉम्प्युटर बसवून गेला, आणि रविवारी चौकोन हजर! पहिल्यापेक्षा देखणे. बाबांनी चहाचे दोन कप रिचवले. "पोट्टा हुशार हाये," ते म्हणाले, आणि वर्षालीला उगीचच लाजल्यासारखं झालं. तिनं फोनवर विचारलं, "डिस्क झिजन नाई ना?"

"नाई झिजत. शप्पथ."

ती पुढे काही विचारायच्या भानगडीत पडली नाही.

त्यानंतर त्या कॉम्प्युटरच्या माऊसला काय झालं होतं देव जाणे. महिना झाला की माऊस बंद. वर्षाली बी.एड.साठी वर्ध्याला जातच होती, दुकानात डोकवायची. मग चहा. मग कॉलेजच्या फाटकापर्यंत सोबत. मग "तुमी"चं "तू" कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तुह्या घरी उंदीर हायेत का?" एकदा तो म्हणाला. "माऊस टिकतच नाई."

"माल चांगला दे ना मग."

"चांगलाच देतो. पन तू आली की बरं वाटते... म्हनजे, गिऱ्हाईक म्हनून."

"गिऱ्हाईक म्हनूनच?"

तो स्क्रूड्रायव्हर उलटा धरून बसला.

आणि एका संध्याकाळी बाबाच जेवताना म्हणाले, "त्या रजतचे मायबाप काय करतात? बोलून पाह्यलं असतं तुह्यासाठी." वर्षालीनं तांब्या तोंडाला लावला. तिनं पाणी पीत पीत "कोन रजत?" असं विचारलं, आणि रात्रभर उशीत तोंड खुपसून हसली. बापानंच मनातलं स्थळ आणून द्यावं, हे नशीब किती जणींच्या वाट्याला येतं!

रविवारी पाहुणे आले. रजतचे वडील पुंडलिकराव, आई सुलोचनाबाई, आणि इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला रजत. जय भीम झाला, पाणी झालं. विमलाबाई आत्या दाराशी ठाण मांडून बसली. वर्षाली पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तेव्हा बाबा पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं स्क्रीन दाखवत होते. चौकोन रांगेत लागत होते.

"तुमच्या पोराचं काम हाये हे, पुंडलिकराव! मी तर कॉलनीत सगळ्याहिले सांगितलं, नवी डिस्क असो की जुनी, डिफ्रॅग सोडायचं नाई. आमचे शेजारचे कैलासराव तर आता नव्या डिस्कवर रोज लावून ठेवतात."

रजतचा कप बशीवर वाजला. वर्षालीनं डोळ्यांनी विनवलं... चूप बस ना रे, आजच्या दिवस! त्यानं ते पाहिलं. नक्की पाहिलं. तरी बोललाच.

"काकाजी... कैलासरावांले बंद करायले सांगा. नवी डिस्क झिजते त्यानं."

"मंग आपली कशी नाई झिजली?"

"कारन इथं डिफ्रॅग होतच नाई. हे चौकोन मी बनवले. नुस्तं चित्र हाये."

"काऽऽय?" ही किंकाळी बाबांची नव्हती, वर्षालीची होती. ट्रेमधल्या बश्या खणखणल्या. इतके महिने तो तिच्याशीही याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता!

बाबा स्क्रीनकडे पाहत राहिले. शेवटचा निळा चौकोन मुकाट्यानं आपल्या जागी जाऊन बसला.

"म्हनजे इतके रविवार मी चित्र पाहून राह्यलो?"

"हो, काकाजी. तुमाले दुखवायचं नव्हतं. पन आज नसतो बोललो, तर उद्या कैलासरावांचं नुकसान, अन..." तो अडखळला. "अन तुमचा जावई होऊन दर रविवारी तुमच्या तोंडाकडे पाहनं मले जमलं नसतं."

बाबा उठले. आवाज चढला नाही. "पुंडलिकराव, माफ करा. या घरात खोटं चालत नाई. हे बोलनं इथंच थांबवू."

पुंडलिकराव मान खाली घालून उठले. सुलोचनाबाईंनी पदर सावरला. रजतनं एकदाच वर्षालीकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, आता हा दारातून गेला की गेलाच.

तिनं ट्रे टेबलावर आदळला.

"बाबा, खोटं त्यानं एकट्यानं नाई केलं! करा काहीतरी असं मीच म्हटलं होतं. अन मी वर्ध्याले त्याले भेटत होती. माऊस पन मीच तोडत होती!"

"अवं माय!" विमलाबाई आत्यानं तोंडावर हात ठेवला.

"मले हाच पाहिजे, बाबा. दुसरा नाई. खूप आवडते मले तो."

वर्षालीचे कान तापले. बाबा तिच्याकडे डोळे फाडून पाहत होते.

"चांगले माऊस... तू तोडत होती?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. किबोर्डची वायर बी."

जन्मभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हा धक्का आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता. बाबा मटकन खुर्चीत बसले.

रजत दारातून परतला, त्यांच्यापुढे वाकला. "काकाजी, तुमची जुनी डिस्क मी फेकली नाई. दुकानात तपासली. इतकी वर्षं झाली, पन एक फाइल गेली नाई. बाकी लोकांच्या तवाच्या डिस्का कवाच्या भंगारात गेल्या. तुमी चुकत नव्हते. तिले डिफ्रॅग लागतच होतं... अजूनही लागते."

बाबांनी हळूच मान वर केली. "चांगली हाये ती अजून?"

"एकदम. याच कॉम्प्युटरले जोडून देतो. तिले करा, खरंखुरं."

"अन चौकोन?"

"खरे दाखवीन. पन बनवायले वेळ लागन. रविवारी रविवारी यावं लागन मले."

बाबा बराच वेळ बोटांनी टेबल पुसत राहिले. टेबलावर धूळ नव्हतीच. मग त्यांनी पुंडलिकरावांना हातानं बसायची खूण केली, आणि घसा खाकरला.

"मंग येजो, पोट्ट्या. लग्न झाल्यावर बी येजा दर रविवारी... दोघं."

सुलोचनाबाई आधी हसल्या. मग आत्या, मग सगळेच. वर्षालीचे डोळे कधी भरले तिलाच कळलं नाही. त्या गडबडीत रजत पोह्यांची बशी घ्यायच्या निमित्तानं तिच्याजवळ सरकला. त्याचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"सगळे माऊस तूच तोडले?" तो कुजबुजला. "अवो बाप्पा, मी नागपूरच्या होलसेलवाल्याशी भांडून आलतो ना!"

"मंग काय करू?" तिनं त्याच्या बशीत लिंबाची फोड ठेवली. "तू तर काही बोलतच नव्हता."