राखाडी डाख

"हात थरथरतात आता तुमचे, मान्य करा ना केशवराव," ताराचंद मंडपवाला सगळ्यांदेखत म्हणाला. "भर सकाळी नाक कापलं ह्या पेटीनं."

सानगडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आज रात्री नाटक होतं. चाचणीला ही अॅम्प्लिफायरची पेटी दोन मिनिटं बोलली, खरखरली आणि गप्प झाली. काचेच्या व्हॉल्वचा तो पन्नास वर्षांचा अॅम्प्लिफायर केशवरावांनी दोन महिने खपून नव्यानं उभा केला होता. परवा तो ठणठणीत वाजलाही होता.

नाटक मंडळाच्या अध्यक्ष चंद्रकांताबाई चिडल्या होत्या. "दुपारपर्यंत पाहीन. नाही वाजला तर भंगारात. अन् यापुढं मंडळाच्या साउंडले तुम्ही हात नोका लावू."

केशवराव मान खाली घालून उभे राहिले. प्रतिक्षाला तेच सहन होईना. जवाहरनगरहून दिवाळीच्या सुट्टीत आलेली त्यांची ही आठवीतली नात आठ दिवस आबाजींजवळ बसून सोल्डरिंग शिकली होती.

"आबाजी, उघडून बघू या."

"काय पाहतेस, पोरी? माहीच चूक असन."

तिचा मामेभाऊ मोनू तोवर प्लग काढून, झाकण उघडून आत बोटं घालायला निघालाही होता. प्रतिक्षानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"प्लग काढला म्हणून आतली वीज मेली असं नाही. कपॅसिटरमध्ये साठलेली असते ती."

"उगाच शहाणपणा करून राहिली."

आबाजींनी रबरी हातमोजे चढवले आणि बल्बच्या दोन तारा कपॅसिटरला टेकवल्या. बल्ब लख्खकन पेटला आणि विझला. मोनूनं दोन्ही हात गुपचूप खिशात घातले.

आत सोल्डरचे टाके, म्हणजे आबाजींच्या भाषेत डाख, ओळीनं चमकत होते. एकच डाख राखाडी आणि रवाळ होता. प्रतिक्षानं लाकडी काडीनं तार जरा ढकलली, तर ती सुटूनच आली.

"आबाजी, तुम्ही तार आधी कडीत अडकवता, मग डाख देता. ही नुसती चिकटवली आहे. हा डाख तुमचा नाही."

पेटी परवापासून समाजमंदिरात कुलपात होती. किल्ली ताराचंदकडे.

"काल त्याच्या घरी वाढदिवस होता," मोनू पुटपुटला. "गाणे लय जोरात वाजून राहिले होते."

ताराचंदला विचारलं, तर तो अंगावर धावून आला. "पोट्टेहो, तोंड सांभाळा. मी त्या पेटीले शिवलो नाही. तुमचा आबा चुकला, अन् नाव माहं घेता?"

प्रतिक्षा चंद्रकांताबाईंसमोर गोड आवाजात म्हणाली, "काका, आबाजींना जमत नसेल तर तुम्हीच एक डाख देऊन दाखवा ना. इथं दुसरं कोणाला येतं?"

"हे तं माह्या डाव्या हाताचं काम," ताराचंद फुगला.

तिनं तारा जोडायच्या कड्यांची एक सुटी पट्टी पुढं केली. त्यानं तार वर टेकवली, सोल्डर वितळवलं आणि बशीतल्या चहावर घालावी तशी त्यावर फुंकर घातली. फू, फू. तार हलली. चमकता थेंब पाहता पाहता राखाडी, रवाळ झाला.

प्रतिक्षानं पट्टी पेटीतल्या डाखाशेजारी धरली. "आबाजी कधीच फुंकत नाहीत. थंड होईपर्यंत तार हलूही देत नाहीत."

चंद्रकांताबाईंनी पट्टीवरची तार ओढली. ती हातात आली.

"ताराचंद, पेटी घरी नेली होती?"

"नेली असन. पोट्ट्यायले नाचाचं होतं. तार सुटली, चिकटवून देली. कोणी मेलं का त्यात?"

"अन् म्हाताऱ्याची अब्रू? किल्ली ठेव इथं."

किल्ली टेबलावर आपटून ताराचंद निघाला. आबाजींनी तार कडीत गुंफली आणि सोल्डरिंगची तापलेली कांडी नातीच्या हातात दिली. तिनं राळ लावली, डाख दिला आणि श्वास रोखून दहा आकडे मोजले. डाख चांदीसारखा चमकला.

पेटी लावली. व्हॉल्व हळूहळू लालसर झाले. आबाजी माइकसमोरून तिच्याकडं वळले.

"पोरी, दहा वर्षं शिकलो तवा कुठं मले असा डाख जमला."

मंडईतली माणसं थबकली. आकाशपाळण्यात बसलेलीही वळून पाहू लागली.

"केशवराव," चंद्रकांताबाई हसू दाबत म्हणाल्या, "माइक चालू हाये."

"मालूम हाये," आबाजी माइकमध्येच म्हणाले.